मुरमाच्या वाटा आणि आपलं मागचं फाटक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण)



सांस्कृतिक समितीनं मला 'निवृत्तीनंतरचा छंद' हा विषय दिला आहे. वेळ पंधरा मिनिटं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वेळ आणि रक्कम दोन्ही नीट कळतात, तेव्हा काळजी नसावी. मात्र एक कबुली सुरुवातीलाच देतो. छंदाच्या निमित्तानं मी आज एक मागणीही करणार आहे, आणि ती मागणी माझ्याच हातून झालेल्या एका गोष्टीबद्दल आहे. ते ओघात येईलच.

माझा छंद सायकलचा. वय पंच्याहत्तर. गेल्या सहा वर्षांत आपल्या बदलापूर गावाच्या आसपासच्या बहुतेक कच्च्या वाटा मी सायकलवरून पाहिल्या, आणि चढ आला की खाली उतरून, सायकल ढकलत पाहिल्या. ढकलण्यात मला कमीपणा वाटत नाही.

सुरुवात नातवामुळे झाली. तो पुण्याला नोकरीला. 2019 च्या दिवाळीत घरी आला तो गाडीच्या टपावर सायकल बांधून. मी विचारलं, "ही रेसची सायकल का रे?" हँडल खाली वाकलेलं होतं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नाही आबा, ही ग्रॅव्हल बाईक. खडी-मातीच्या रस्त्यावर चालवायची." किंमत विचारली आणि मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात मी चार म्हशींची कर्जं मंजूर केली असती, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

मग तो समजावू लागला. रेसच्या सायकलचं टायर अगदी बारीक, अंगठ्याएवढं. डोंगरातल्या सायकलचं खूप जाड. ही मधली. अडतीस, चाळीस, पंचेचाळीस मिलिमीटर. हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे चाक दगडावर आपटत नाही, दगडाला धरून चालतं. ऐकता ऐकता मी मोजपट्टी काढली. आमच्या वेळची काळी सायकल आठवा. पोस्टमनची, दूधवाल्याची, भरत्याची. तिच्या टायरवर काय लिहिलेलं असायचं? 28 x 1½. दीड इंच म्हणजे किती मिलिमीटर? अडतीस! मी म्हटलं, "अरे, ही तर आमच्या दूधवाल्याची सायकल. फक्त किटल्या नाहीत."

तो हसला, पण मी खरंच विचारात पडलो. कारण अशी सायकल अशाच वाटांवर मी तीन वर्षं चालवली होती, आणि तिला छंद म्हणत नव्हते, ड्युटी म्हणत होते.

1981 ते 84 मी मुरबाडकडच्या एका ग्रामीण शाखेत होतो. 2 ऑक्टोबर 1980 पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या गटांत लागू झाला, आणि आम्हा तरुण अधिकाऱ्यांना म्हैस, बैलजोडी, शिलाई मशीन, किराणा दुकान यांसाठी कर्जं वाटायचं उद्दिष्ट आलं. कर्ज दिलं की तपासणी आली. म्हैस खरंच घेतली का, तिच्या कानात बिल्ला आहे का, हे गोठ्यात जाऊन बघायचं. शाखेला जीप नव्हती. शिपायाची सायकल घ्यायची आणि निघायचं. डांबरी रस्ता सुटला की मुरूम, मुरूम संपला की खाचरांचे बांध, आणि पुढं वरकस जमिनीतून वर गेलेली गाडवाट. एखाद्या वाडीवर पोचलो की आधी पाणी, मग चहा, आणि मग म्हैस. कधी कधी म्हैस शेजाऱ्याची असायची, ते वेगळं.

त्या वाटांची एक गंमत मला पुढं कळली. गाडवाट कधीही सरळ चढत नाही. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला जेवढा चढ झेपेल तेवढाच ती घेते, मग वळसा मारते. पाणी वाहून जाईल अशा बाजूनं जाते, ओढा जिथं उथळ असेल तिथंच ओलांडते. कुणा इंजिनिअरनं आखणी केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैल चालले आणि वाट झाली. म्हणून ती म्हाताऱ्या सायकलस्वाराला आजही झेपते. नवे रस्ते, विशेषतः प्लॉटिंगवाल्यांनी जेसीबीनं काढलेले, नाकासमोर चढतात आणि छाती फुटायची वेळ येते.

तर त्या दिवाळीपासून मी पुन्हा सायकलवर बसलो. डॉक्टरांना विचारून, आणि सौभाग्यवतींना न विचारता. आपल्या भागाची थोडी ओळख करून देतो, कारण इथं पंचवीस वर्षं राहूनही आपल्यातल्या बऱ्याच जणांचं भूगोलाचं ज्ञान स्टेशनपर्यंतच आहे.

आधी दिशा. रेल्वेनं आपल्याला पूर्व-पश्चिम शिकवली आहे आणि ती चुकीची आहे. कल्याणहून कर्जतकडे जाताना लाईन आग्नेयेला वळते, पण 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही नावं मुंबईपासून तशीच चालत येतात. त्यामुळे बदलापूर 'पूर्वे'कडे तोंड करून उभे राहा, समोर चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंदची रांग दिसते आणि सूर्य तिच्यामागं मावळतो. आणि आपल्या 'पश्चिमे'कडे, बारवीच्या बाजूला, तो उगवतो. सायकलवर सकाळी निघाल्यावर ऊन डोळ्यावर आलं, तेव्हा मला हे उमगलं. वीस वर्षं मी खिडकीतून सूर्योदय बघत होतो आणि त्याला पश्चिम म्हणत होतो!

आता वाटा. पहिली आणि सगळ्यात जवळची, मुळगाव आणि बारवीकडची. खंडोबाची टेकडी डाव्या-उजव्या हाताला ठेवत आजूबाजूच्या पाड्यांमधून मुरमाच्या कितीतरी वाटा फुटतात. भात कापून झालं की, म्हणजे कार्तिकाच्या पुढं, त्या मोकळ्या होतात. खाचरात पेंढ्याच्या उडव्या, ओलीवर पेरलेला वाल, आणि सकाळी इतका शांतपणा की आपल्याच चेनचा आवाज मोठा वाटतो. पुढं जंगल लागतं. तिथं वन खात्याची पाटी असेल तर थांबायचं, विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. माझ्या नातवालाही मी हेच सांगतो. मोबाईलच्या नकाशात रेष दिसते म्हणून ती आपली होत नाही.

बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी नदीत येतं, उल्हासमधून उचललं जातं आणि कारखान्यांना, शहरांना जातं. धरणाची उंची वाढवली आणि 2019 मध्ये ते वाढीव पातळीपर्यंत भरलं. त्यात तोंडली, मोहघर अशी गावं पाण्याखाली गेली. दोन वर्षांपूर्वी मी आणि नातू मुरबाडच्या बाजूनं एका जुन्या गाडवाटेनं उतरत होतो. वाट छान होती, दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. एका वळणानंतर ती सरळ पाण्यात शिरली. कुठं तुटलेली नाही, काही नाही. चाकोऱ्या तशाच पाण्याखाली जाताना दिसत होत्या. नातू म्हणाला, "आबा, नकाशात पुढं रस्ता आहे." मी म्हटलं, "हो, आहे. मी गेलोय त्यावरून." त्या बाजूच्या एका घरात मी 1982 साली म्हशीची तपासणी केली होती. कर्ज पूर्ण फिटलं होतं, एवढं आठवतं. घरातल्या आजीनं जाताना पिशवीभर जांभळं दिली होती. आता आपल्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या आजीच्या झाडाचं काय झालं असेल, ते पाण्यालाच ठाऊक.

दुसरी बाजू कोंडेश्वरची, स्टेशनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्यानं. ही वाट सुंदर आणि पावसाळ्यात जिवावर बेतणारी. कुंडात दर वर्षी कुणी ना कुणी तरुण बुडतो, म्हणून पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो. सायकल असो वा नसो, आपल्या मुलांना जून ते सप्टेंबर तिकडे जाऊ देऊ नका, हे मी इथं मुद्दाम सांगतो. हिवाळ्यात जा. पण तिथंही चित्र बदलतं आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची वाट याच भागातून जाते, आणि माथेरानच्या डोंगराखालून भोजपासून मोर्ब्याकडे चार किलोमीटरहून लांब जुळा बोगदा आहे. डंपरच्या रहदारीत मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा धूळ खाऊन परत आलो. पनवेल काही मिनिटांवर येईल म्हणतात. येऊ दे. मला पनवेलला काही काम नाही.

तिसरी, आंबेशिव आणि चामटोली-कासगावच्या बाजूची, नदीच्या सोबतीनं वांगणीपर्यंत जाणारी. सपाट आहे. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी इथून करावी. चामटोली म्हटल्यावर तुम्हाला 27 जुलै 2019 आठवत असेल. महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराच्या वर प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती ती इथंच. उन्हाळ्यात त्या शेतांमधून सायकलनं जाताना विश्वास बसत नाही की इथं होड्या चालल्या.

आता थोडं जगाचं. नातवानं मला दाखवलं की अमेरिकेत कॅन्सस नावाच्या राज्यात 2006 पासून अशा खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. इंग्लंडमध्ये तर 1955 सालीच काही लोकांनी आडवाटांवर सायकल चालवणाऱ्यांचं मंडळ काढलं. 2022 पासून याची जागतिक स्पर्धाही सुरू झाली, पहिली इटलीत. पण मला सगळ्यात आवडली ती इटलीतलीच दुसरी गोष्ट. टस्कनी नावाच्या डोंगराळ भागात पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत. ते एकेक करून डांबरी व्हायला लागले. तेव्हा 1997 साली तिथल्या सायकलप्रेमींनी जुन्या सायकली, जुने लोकरी कपडे घालून त्या रस्त्यांवरून एक फेरी काढली, हे रस्ते टिकावेत म्हणून. आज जगभरातून लोक त्या फेरीला येतात. म्हणजे रस्ता वापरला म्हणून उरला.

पण लगेच एक सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. मी डांबराच्या विरोधात नाही. ज्या वाडीवरून बाळंतीण बाईला डोलीत घालून आणताना मी पाहिलं आहे, त्या वाडीला रस्ता हवाच. माझ्या सायकलला मुरूम आवडतो म्हणून कुणाची ॲम्ब्युलन्स अडू नये. माझं म्हणणं वेगळ्या वाटांबद्दल आहे. शेतांच्या मधून जाणाऱ्या, पाड्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा. त्यांवर कुणी डांबर टाकत नाही. तिथं एक दिवस कुंपण येतं, मग फाटक, मग कुलूप, मग 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. फार्महाऊसवाल्यांचं हे काम, असं मी नातवाला रागारागानं सांगत असे.

गेल्या जानेवारीत मी तोंडघशी पडलो. दोन्ही अर्थांनी.

त्या रविवारी आम्ही मुळगावच्या बाजूनं परतत होतो. उतारावर सुटी खडी होती आणि मी घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला. तरुणांनो, हे कधी करू नका. खडीवर मागचा ब्रेक आधी, हलक्या हातानं, आणि हँडल घट्ट आवळायचं नाही. मी उजव्या हातावर पडलो. मनगट लगेच सुजलं. नातवानं मोबाईलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "आबा, काळजी करू नका. मोठ्या रस्त्यानं जायला नको. या माळावरून एक पाऊलवाट थेट आपल्या सोसायटीत जाते. दहा मिनिटं." मी काही बोललो नाही. आम्ही हळूहळू माळ उतरलो. वाट होतीच, दोन्ही बाजूंना निवडुंग आणि करवंदाची जाळी. आणि मग समोर आपली भिंत. भिंतीत आपलं मागचं फाटक. फाटकाला गंजलेलं कुलूप, त्यावर वेल, आतून बांधकामाचा राडारोडा टेकवून ठेवलेला.

नातवानं विचारलं, "हे कुणी बंद केलं?"

मी केलं. 2009 साली मी संस्थेचा सचिव होतो. आपल्या दोन सभासदांच्या मोटारसायकली एका महिन्यात चोरीला गेल्या. सर्वसाधारण सभेत आरडाओरडा झाला. मागच्या फाटकातून 'कोणीही' येतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ठराव मी लिहिला, माझ्याच अक्षरात आहे तो इतिवृत्ताच्या वहीत. कुलूपही मीच आणलं. चोर नंतर सापडले. ते पुढच्या फाटकातून आले होते, वॉचमनच्या समोरून. पण कुलूप राहिलं.

आणि हे 'कोणीही' कोण होते? गावातून माळाकडे, पलीकडच्या वाडीकडे ये-जा करणारी माणसं. सकाळी रानभाजी, करवंदं, जांभळं, दातूनच्या काड्या घेऊन येणाऱ्या कातकरी बायका. आपल्या इमारती व्हायच्या आधीपासून त्यांची ती वाट होती. फाटक बंद झाल्यावर त्यांना डोक्यावर मोळी घेऊन रस्त्यानं मोठा वळसा पडला. त्यांच्यातली एक मावशी आमच्या घरी शेवळं आणून द्यायची. ती यायची थांबली. सौभाग्यवतींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "असेल काही कारण." कारण माझ्या खिशात होतं, किल्लीच्या रूपात.

जुन्या सभासदांना आणखी एक आठवत असेल. 26 जुलै 2005. आपला पुढचा रस्ता सखल, तिथं छातीएवढं पाणी. तळमजल्याच्या घरांत चिखल. वीज नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि भाकऱ्या घेऊन गावातली मुलं आली ती कुठून? मागच्या वाटेनं, माळावरून. माळ उंच आहे, तिथं पाणी येत नाही. त्याच वाटेनं आपण दोन लहान बाळांना बाहेर काढलं. पुढं 2019 ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा फाटकाची किल्ली कुणाकडे आहे तेच सापडेना, आणि एका वहिनींचं इन्सुलिन आणायला मुलं शिडी लावून भिंतीवरून गेली. तेव्हाही मी गप्प बसलो. कुलूप मी लावलं होतं हे आठवण करून द्यायला कोण पुढं येतो?

मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. बसून करायचं काय? बँकेची सवय, कागद काढले. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल आणली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, रुंदी सव्वाआठ फूट. आपल्या भूखंडाच्या कडेनं अशी एकेरी तुटक रेष गेलेली दिसते. शेतकऱ्यांची वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडथळा काढायला सांगू शकतात, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. आपल्या बाबतीत यातलं काय लागू होतं, ते वकील सांगतील. मला कायद्याच्या धाकानं फाटक उघडायचं नाही. गावातून कुणी अर्ज केलेला नाही, सोळा वर्षांत एकानंही नाही. त्यांनी वळसा घेतला, बस्स.

माझा प्रस्ताव साधा आहे आणि मी तो लेखी दिला आहे. मोठं फाटक बंदच राहू दे. त्यात चार फुटांचं एक लहान दार काढावं, माणूस आणि सायकल जाईल एवढं. मोटारसायकल जाऊ नये म्हणून मध्ये आडवा खांब. सकाळी सहा ते रात्री आठ उघडं. एक कॅमेरा. वेल्डरचं कोटेशन आणि कॅमेऱ्याचा खर्च मी काढून आणला आहे, तो अर्जाला जोडला आहे. दाराचा खर्च मी देईन, कारण कुलूप मी आणलं होतं. कॅमेऱ्याचा संस्थेनं करावा. किल्ल्या तीन, आणि त्या कुणाकडे आहेत ते सूचनाफलकावर कायम लिहिलेलं असावं.

काही जणांची भीती मला माहीत आहे. आमच्याच मजल्यावरचे स्नेही परवा म्हणाले, "काका, तुमच्या सायकलसाठी आमची सुरक्षितता धोक्यात?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून म्हणतो, सहा महिने करून बघा. काही गैरप्रकार झाला तर मी स्वतः कुलूप लावीन, मला त्याचा अनुभव आहे.

ज्यांना या वाटा बघायच्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्रॅव्हल बाईक घ्यायची गरज नाही. घरातली कुठलीही जाड टायरची सायकल चालेल, ब्रेक मात्र तपासून घ्या. हवा ठणठणीत भरू नका. दोन लिटर पाणी, एक जादा ट्यूब, पंप. डोक्यावर हेल्मेट. कुणाच्या खाचरातून जाताना पीक उभं असेल तर उतरून बांधावरून चाला. आणि वाडीवर कुणी पाणी दिलं तर नाही म्हणू नका, आणि तिथं रिकामी बाटली टाकून येऊ नका.

येत्या रविवारी नातू येतो आहे. सकाळी साडेसहाला आम्ही मुळगावच्या बाजूला निघू, जमेल त्यांनी यावं. तूर्त पुढच्या फाटकापाशी जमायचं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची आहे, त्या सभेपुढं माझा ठराव येईल. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.